आत्याबाईंनी कुत्री भरायला घेतली

कुत्री पहिल्यांदा घरात आली तेव्हा आत्याबाईंना वाटलं, नुसती खोळच आणलीय, भर मागून येणार असेल.

गाद्यांचा धंदा करणाऱ्या बाईला दुसरं काय वाटणार? खाली कारखाना, वर घर. खाली कापूस पिंजायचा, खोळी भरायच्या, दाभणाने टाके घालायचे. वर जेवायचं, झोपायचं आणि खालच्या कामगारांवर खिडकीतून ओरडायचं. नवरा गेल्यापासून हा सगळा पसारा आत्याबाईंच्या एका अंगठ्यावर चालला होता. तयार गादी समोर आली की त्या तिच्यावर अंगठा दाबायच्या. आत गेला तर गादी माघारी, नाही गेला तर गिऱ्हाइकाकडे. माणसांचंही तेच. थोरली सून लग्नात काडी होती. आता जिन्यात समोरून आली की दुसऱ्याने भिंतीला चिकटावं. हे आत्याबाई अभिमानाने सांगत. माझ्या घरात येऊन कुणी वाळलेलं राहिलं, असं कुणी म्हणून दाखवावं.

आणि त्या घरात धाकट्याच्या बायकोने ही आणली.

तोंड लांबुळकं, जणू कुणी चिमटीत धरून ओढलंय. छाती खोल, आणि त्या छातीमागे पोट असायला हवं तिथे काहीच नाही, उजेड. पाय काठ्यांसारखे. शेपूट म्हणजे उरलेला दोरा. बरगड्या तर अशा, की लांबून मोजून घ्याव्यात. जात म्हणे कारवानी, आपल्याकडची, जुनी, शिकारी. नाकाने माग काढत नाही, डोळ्याने बघते आणि सुटते. विहीणबाईंच्या, म्हणजे धाकटीच्या आईच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हीच कुत्री. शहराबाहेर कुंपण घातलेलं मोठं रान, त्यात लांबतोंडी जनावरं, आणि त्यांच्या मधोमध लांबतोंड्या विहीणबाई. कोण कुणावर गेलंय हे देवालाही सांगता येऊ नये.

धाकटीने कुत्रीचं नाव ठेवलं होतं कुठल्या तरी राजकन्येसारखं. उच्चारताना कवळी पडेल असं. आत्याबाईंनी पहिल्याच दिवशी तिला सुतळी म्हटलं आणि आठवड्याभरात सगळा कारखाना सुतळी म्हणायला लागला.

"आत्याबाई, नाव बदललंत तर ती ओ देणार नाही," धाकटी म्हणाली.

"आधीच्या नावाला देत होती?"

खरंच नव्हती देत. ही कुत्री कुणालाच ओ देत नसे. समोरच्या काचवाल्याचं झिपरं कुत्रं कसं, कुणीही चुटकी वाजवली की लोळण घेतं, पोट दाखवतं, चाटतं. सुतळीपुढे चेंडू टाकला तर ती चेंडूकडे बघायची, मग टाकणाऱ्याकडे बघायची, आणि उठून दुसऱ्या खोलीत जायची. भुंकायची नाही. पाहुण्यांनी गोंजारायला हात पुढे केला तर अंग आखडून बाजूला सरकायची, जशी एखादी मोठ्या घरची बाई गर्दीतून पदर सावरत जाते. आत्याबाई आयुष्यभर सगळ्या गल्लीकडे जशा नजरेने बघत आल्या होत्या, त्या नजरेने ही उपटसुंभ कुत्री त्यांच्याकडे बघायची. एका घरात दोन तऱ्हेवाईक म्हाताऱ्या चालतात एकवेळ. पण त्यातली एक चार पायांची म्हणजे फारच झालं.

तरी एवढ्यावर भागलं असतं. पण धाकटीच्या ऑफिसने तिला काही महिन्यांसाठी दुसऱ्या शहरात पाठवायचं ठरवलं, आणि विहीणबाई गाडी घेऊन दारात हजर झाल्या.

"कुत्री मी नेते," त्या उभ्या उभ्याच म्हणाल्या. बसायला पुढे केलेल्या खुर्चीकडे त्यांनी अशा नजरेने बघितलं, जणू खुर्ची आजारी आहे. "तुमचं घर तिला मानवायचं नाही, विहीणबाई. इथे कापसाची धूळ, मशीनचा आवाज, पळायला जागा नाही. आणि खरं सांगू का, पुढे पोरांनीसुद्धा तिकडेच राहावं. आमचा वरचा मजला रिकामा पडलाय."

आत्याबाईंनी धाकट्या लेकाकडे बघितलं. लेक स्वतःच्या चपलांकडे बघत होता. नको म्हणाला नाही. लग्नाआधी हा मुलगा आईला विचारल्याशिवाय शर्ट घेत नसे.

"आई, थांब ना," धाकटी म्हणाली. "मी येईपर्यंत इथे राहू दे तिला. तिला हे घर मानवलं तर आम्ही इथेच राहू. नाही मानवलं तर… बघू मग."

हे 'बघू' आत्याबाईंना काट्यासारखं टोचलं. म्हणजे धाकटा इथे राहणार की सासुरवाडीच्या माडीवर जाणार, हे आता एका वाळक्या कुत्रीच्या तब्येतीवर ठरणार होतं. पण चेहरा हलू देतील तर त्या आत्याबाई कसल्या.

"विहीणबाई," त्या म्हणाल्या, "या घरात आलेलं कुणी रोडावून बाहेर पडलेलं नाही. तुमची कुत्रीसुद्धा पडायची नाही. परत बघायला याल तेव्हा ओळखूही येणार नाही."

यातलं शेवटचं वाक्य तेवढं खरं ठरलं.

जाताना धाकटीने जिन्यात उभं राहून सगळं समजावलं. दोन वेळा थोडं थोडं द्यायचं, मोजून. बरगड्या किंचित दिसल्या पाहिजेत, तीच तिची तब्येत. मागच्या अंगणात रोज एकदा तरी मोकळं पळू द्यायचं, पण जेवणावर लगेच नाही. रस्त्यावर दोरीशिवाय सोडायचं नाही, मांजर दिसलं की तिला गाडीघोडं दिसत नाही. उघड्या फरशीवर झोपू द्यायचं नाही, अंगावर मांस नसल्याने कोपरं सोलवटतात. मागून एकदम धरायचं नाही. ओरडायचं तर मुळीच नाही, मनाला लावून घेते.

"मनाला?" आत्याबाईंनी विचारलं.

"हो, आत्याबाई. फार मानी जात आहे."

"अगंबाई," आत्याबाई म्हणाल्या, आणि उरलेलं सगळं त्यांनी रेडिओवरच्या जाहिरातीसारखं ऐकलं.

गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली न वळली तोच त्या स्वयंपाकघरात शिरल्या.

"थोरले, कालचं मटण आहे ना? चरबीचे तुकडे बाजूला काढ. आणि दुधावरची साय."

"आत्याबाई, ती म्हणाली होती मोजून…"

"मोजून कोण देतं गं? ज्याच्या घरात कमी असतं तो."

पहिले काही दिवस कुत्रीने वाडग्याला तोंड लावलं नाही. आत्याबाई वाडगा ठेवून समोर कमरेवर हात देऊन उभ्या राहायच्या आणि सुतळी भिंतीकडे बघत बसायची. शेवटी आत्याबाईंनी चिडून पाठ फिरवली, तेव्हा मागून लपलप आवाज आला. वळल्या तर आवाज बंद. तेव्हापासून तीच रीत पडली. दोघींनी एकमेकींकडे पाठ केली की जेवण व्हायचं. जगातल्या पुष्कळ घरांत असंच जेवण होतं, त्यामुळे त्यात कुणाला नवल वाटलं नाही.

धाकटा टेम्पो घेऊन दिवसभर गाद्या पोचवत फिरायचा. संध्याकाळी येऊन तो वाडग्यात डोकवायचा.

"आई, हे लोणी आहे का?"

"नाही, चुना आहे. दिसत नाही?"

"अगं, पण तिला एवढं…"

"तुला लहानपणी मोजून घातलं असतं तर आज टेम्पोचं दार उघडता आलं असतं का? ती तुझ्या सासूची कुत्री आहे म्हणून तुला पुळका. जा, हातपाय धू."

तो हातपाय धुवायला जायचा. त्याचं आयुष्यभर असंच चाललं होतं. कुणीतरी सांगायचं आणि हा हातपाय धुवायला जायचा. आणि म्हणूनच आत्याबाईंना धास्ती होती. उद्या सासूने सांगितलं तर हा तिकडे जाऊन हातपाय धुवेल.

मागच्या अंगणात ऊन देण्यासाठी कापूस पसरलेला असे. सुतळीला तिथे सोडलं की ती एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत अशी सुटायची, की मधला कापूस ढगासारखा वर उडायचा आणि कामगार शिव्या द्यायचे. आत्याबाईंनी दोन गोष्टींचा एकदमच विचार केला. कापूसही वाया जातो आणि खाल्लेलंही वाया जातं. अंगाला लागेल कसं, पळून झिजवून टाकल्यावर? त्यांनी अंगणाचं दार लावून घेतलं. कुत्रीला गाद्यांच्या थप्पीवर वरची, सगळ्यांत मऊ गादी दिली. कोपरांना जपायला सांगितलं होतं ना? जपलं. आत्याबाई शब्दाला पक्क्या होत्या, फक्त शब्द कुठला पाळायचा ते स्वतः निवडायच्या.

रोज सकाळी त्या सुतळीच्या बरगड्यांवर अंगठा दाबून बघायच्या. सुतळी डोळे मिटून घ्यायची, डॉक्टरकडे माणूस घेतो तसे. आधी हाड लागायचं. मग हाडावर काहीतरी लागायला लागलं. मग एके सकाळी अंगठा बसला तिथेच बसला, आत गेलाच नाही. आत्याबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी थोरलीला हाक मारून दाबायला लावलं.

गल्लीनेही तोंडभरून कौतुक केलं. काचवाला तर रस्ता ओलांडून आला.

"वा, आत्याबाई! आता कशी कुत्र्यासारखी दिसते. आधी बघवत नव्हती हो."

"माणसाने आधी आपले बघवतील असे आरसे करावेत," आत्याबाई म्हणाल्या, पण आतून खूश झाल्या. काचवाल्याच्या अकलेविषयी त्यांचं मत जुनं आणि पक्कं होतं. कौतुकापुरतं मात्र त्यांनी ते बाजूला ठेवलं. हीच गफलत. मूर्खाने स्तुती केली की माणसाने आपलं काय चुकलं ते शोधावं.

पुढे काय झालं ते सरळ आहे. भिंतीवर मांजर आलं. कामगार कापूस काढायला आत-बाहेर करत होते, अंगणाचं दार उघडं होतं. थप्पीवरून सुतळीने ते बघितलं आणि ती सुटली. डोक्यात जुनी सुतळी होती, अंगात नवी. मधेच वळायला गेली, मागचा पाय घसरला, आणि ती कापसात कोसळली. रडली नाही. एक बारीक आवाज काढला, आणि मग कुणी जवळ आलं की दात दाखवायला लागली. धाकटा टेम्पोवर होता. आत्याबाईंनी खोळीचं जाड कापड तिच्यावर टाकलं, थोरलीच्या मदतीने उचलली आणि रिक्षात घातली.

जनावरांची डॉक्टरीण म्हणजे शाळकरी पोरीसारखी होती. आत्याबाईंना हल्ली सगळे डॉक्टर तसेच दिसत.

"आजी, हिला काय खायला घालता?"

"आजी असेन मी तुझ्या घरच्यांची. जे माणसांना घालते ते घालते."

डॉक्टरीणबाईंनी सुतळीच्या अंगावरून हात फिरवला. मग पुन्हा फिरवला. "बरगडी कुठे आहे हिची?"

"आत आहे. कुठे जाईल?"

"हाताला लागायला हवी. या जातीची तर डोळ्यालाही थोडी दिसायला हवी. तुमच्या गल्लीतल्या काचवाले काकांचं कुत्रं इथे येतं, ते वेगळं, हे वेगळं. काटक्यांच्या पायांवर तुम्ही केवढं ओझं ठेवलंय? गुडघा मुरगळलाय. तुटला नाही, नशीब. वजन उतरवा, नाहीतर पुढच्या वेळी तुटेल."

"आणि उतरवलं की उपाशी दिसेल. लोक मला म्हणतील…"

"लोकांचे गुडघे मी बघत नाही," डॉक्टरीण म्हणाली, आणि पुढच्या मांजराला हाक मारली.

पोरगी उद्धट होती. आत्याबाईंना ती पटली. ते अर्थात त्यांनी चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

घरी आल्यावर त्या कारखान्यातच बसल्या, पिंजलेल्या कापसाच्या ढिगापाशी. राग यायला लागला की त्या त्याच्यासाठी माणूस शोधत. आधी काचवाला सापडला. ज्याला आरशात स्वतःचं कुत्रं आणि स्वतः यांतला फरक कळत नाही, त्याचं कौतुक कानांत भरून घेतलं. मग धाकटी, सांगायचं ते धड कानाला धरून का सांगितलं नाही? मग विहीणबाई, त्या तर कायमच्या. पण राग काही निवेना. कारण समोरच कामगार गादीला टाके घालत होता, आणि आत्याबाईंना ठाऊक होतं की ठासून भरलेली गादी अंगठ्याला पास होते आणि टाक्यांत फाटते. हे त्यांनी याच जागी बसून पोरांना किती वेळा सुनावलं होतं. गादीचं कळत होतं. कुत्रीला टाके नसतात एवढ्यावरच त्या फसल्या.

संध्याकाळी धाकटा आला, पाय बघून घाबरला.

"आई, तिला काय सांगायचं? फोन आला की?"

"काय सांगायचं म्हणजे?"

"म्हणजे… आजारी होती, औषधाने सुजली, असं सांगू?"

"औषधाने सुजली!" आत्याबाई म्हणाल्या. "मी भरलीय तिला. या हाताने. खोटं बोलायला मी काय तुझ्या सासूची मिंधी आहे? विचारलं तर मी सांगेन. तू हातपाय धू."

दुसऱ्या दिवसापासून लोणी, साय, चरबी बंद. उकडलेलं मांस, थोडा भात, मोजून. मोजायचं भांडं त्यांनी थोरलीच्या हाती दिलं नाही. पाय जरा टेकवायला लागली तशी डॉक्टरिणीने हळूहळू चालवायला सांगितलं. धाकट्याने दोरी हातात घेतली, तेव्हा आत्याबाईंनी ती काढून घेतली. ज्याने बिघडवलं त्याने उसवावं. दुसऱ्याने उसवलेल्या खोळीचं कापड फाटतं.

मग रोज पहाटे गल्लीने एक नवीन देखावा बघितला. पुढे जाड झालेली सुतळी, लंगडत, तरी मान ताठ. मागे आत्याबाई, धापा टाकत, त्यांचीही मान ताठ.

"आत्याबाई, चालायला लागलात?" दूध आणायला निघालेल्या बायका विचारायच्या.

"मी कशाला लागेन? ही लागलीय. मी दोरीला बांधलेली आहे."

सुतळीने या उपकाराची काही दखल घेतली नाही. तिने एकदाही हात चाटला नाही, एकदाही शेपूट हलवली नाही. आत्याबाईंना त्यात गैर काही वाटलं नाही. त्यांनीही आयुष्यात उपकार करणाऱ्यांचे फारसे आभार मानले नव्हते. फक्त एवढं झालं, की सकाळी दोरी उचलली की सुतळी उठून दाराशी उभी राहायची, आणि आत्याबाईंना चपला घालायला उशीर झाला तर अशी बघायची की त्या भराभरा घालायच्या. इतक्या वर्षांत त्यांना घाई करायची हिंमत कुणाची झाली नव्हती.

काम अर्धं झालं होतं, तेवढ्यात धाकटी ठरल्यापेक्षा आधी परत आली. आणि एकटी नाही. विहीणबाई गाडीतून उतरल्या, सरळ वर आल्या, सुतळीपाशी बसल्या आणि त्यांनी हात फिरवला. त्यांचं तोंड होतं त्याहून लांब झालं.

"हे काय केलंत?"

"भरली," आत्याबाई म्हणाल्या.

"बरगडी सापडत नाही!"

"सापडते. जरा खाली दाबा. मागची लागेल. परवापासून लागतेय."

"आणि पाय?"

"मुरगळला होता. माझ्यामुळेच. आता टेकवते."

विहीणबाई उठल्या. रागाने त्या आणखी सरळ झाल्या, सरळ व्हायला जागा होती हेच आश्चर्य. "मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं. हिला या घरात काय मानवणार! पोरी, सामान भर. कुत्री गाडीत घाल. जावईबापू, तुम्हीही निघा."

धाकटा आईकडे बघायला लागला, मग बायकोकडे, मग चपलांकडे. धाकटी हलली नाही. ती आत्याबाईंकडे बघत होती. एक शब्द पुरला असता. 'राहा गं.' एवढा लहान शब्द. गल्लीतली कुठलीही सासू दिवसातून दहादा म्हणते. तो आत्याबाईंच्या तोंडातून काही निघेना. त्या तोंडाला असल्या शब्दांची सवय नव्हती.

विहीणबाईंनी दोरीला हात घातला. आत्याबाईंनी दोरी सोडली नाही.

"सोडा विहीणबाई."

"नाही सोडत," आत्याबाई म्हणाल्या. "अर्धी उसवलेली गादी मी गिऱ्हाइकाला देत नाही. आरडाओरडा करा, पोलीस बोलवा. माझ्या दारातून अर्धं काम बाहेर गेलेलं नाही."

"ती गादी नाही! जनावर आहे!"

"म्हणून तर. गादी असती तर दुपारपर्यंत करून दिली असती." आत्याबाईंना आता वाट सापडली होती, त्या थांबेनात. "तुम्ही हिला न्याल आणि तुमच्या रानात सोडाल. बाकीची लांबतोंडी पळतील, हीपण पळेल, कारण अक्कल तुमच्यासारखीच, पुढे काही दिसलं की सुटायचं. आणि गुडघा जाईल. डावीकडे वळताना ती अजून पाय चोरते, तुम्हाला माहीत आहे? उतारावर थांबून घेते, माहीत आहे? चालून आल्यावर लगेच वाडगा ठेवला तर खात नाही, आधी जरा वेळ आडवी पडते, मग खाते, आणि तेव्हा आपण तिच्याकडे बघायचं नाही. मला कुणी सांगितलं नाही हे. मी रोज तिच्या मागे मरतेय म्हणून कळलं. ही पूर्ववत झाली की न्यायची तर न्या. घर उचलून न्या. तोवर कुणीही हलणार नाही."

'कुणीही' म्हणताना त्यांची नजर धाकट्यावरून आणि धाकटीवरून फिरून गेली. मग त्यांनी ती चटकन खिडकीबाहेर नेली.

सुतळी कंटाळून खाली बसली. नीट बसली, दुखरा पाय बाजूला सोडून, गादीवर, फरशीवर नाही.

धाकटीने हातातली बॅग उचलली. आत्याबाईंनी श्वास रोखून धरला. अर्थात कुणाला दिसेल असा नाही. धाकटी बॅग घेऊन आतल्या, त्यांच्या खोलीत गेली. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला.

"अहो," तिने आतून नवऱ्याला हाक मारली, "दुसरी बॅग गाडीत राहिलीय, आणता का?"

धाकटा पळतच खाली गेला. या खेपेला त्याला कुणी हातपाय धुवायला सांगितलं नाही.

"आणि तोवर मी काय करू?" विहीणबाईंनी विचारलं. आवाजात अजून धार होती, पण हात दोरीवरून निघाला होता.

"तुम्ही परत जा. किंवा राहा. मागची खोली झाडलेली आहे," आत्याबाई म्हणाल्या. आपण तोच शब्द शेवटी कुणाला म्हणून बसलो हे ध्यानात आलं, तेव्हा त्यांना स्वतःचाच भयंकर राग आला.

विहीणबाई राहिल्या. विश्वास नव्हता म्हणून राहिल्या, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

पहाटे गल्लीत सुतळी पुढे चालली होती. मागे दोघी विहिणी, एक गोल, एक लांब, एकमेकींपासून हातभर अंतर राखून.

"दोरी सैल धरा," लांब म्हणाली.

"धरलीय."

"सैल म्हणजे सैल. ही जात ओढलेलं सहन करत नाही."

"विहीणबाई, तुम्ही आपल्या पायांकडे बघा. पुढे उतार आहे."

उतार आला. सुतळी थांबली, पाय चाचपला आणि बेताने खाली निघाली. मागच्या दोघींपैकी कुणाकडेही तिने वळून बघितलं नाही.